मधुमेह असताना डोंगरभटकंतीचे बूट कसे निवडावेत

बूट निवडण्याची आपली नेहमीची रीत सोपी आहे: पायात घालायचा, दुकानात चार पावले चालायचे आणि बरे वाटले तर पैसे द्यायचे. अनेक वर्षे मधुमेह असलेल्या माणसाला मात्र ही रीत धोक्याची ठरू शकते, कारण ती सर्वस्वी पायाच्या जाणिवेवर अवलंबून आहे आणि मधुमेहात अनेकांच्या बाबतीत नेमकी तीच हळूहळू कमी होत जाते. पायाच्या नसा बधिर झाल्या की योग्य मापाचा बूट ढिला वाटू लागतो आणि पाय आवळणारा बूट ‘नीट बसला’ असे वाटते, कारण आवळल्यावरच पायाला काहीतरी कळते. त्यामुळे असे अनेक रुग्ण स्वतःच्या नकळत लहान मापाचे बूट वापरत असतात. राजगड किंवा हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी सहा-आठ तास चालताना हा एका मापाचा फरक फोडापर्यंत, आणि दुर्लक्ष झाल्यास न भरणाऱ्या जखमेपर्यंत नेऊ शकतो. म्हणून पायाला काय वाटते यावर न विसंबता मोजपट्टी, डोळे आणि हात यांच्या साक्षीने बूट कसा निवडावा, एवढेच येथे सांगितले आहे.

आधी पायाची तपासणी

खरेदीला निघण्यापूर्वी मधुमेहतज्ज्ञाकडून पाय तपासून घ्यावेत. या तपासणीत १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्यावर ठरावीक जागी टेकवून स्पर्श कळतो का ते पाहतात. बायोथेसिओमीटर नावाच्या उपकरणाने कंपने किती व्होल्टला जाणवतात हेही मोजता येते आणि हा आकडा २५ च्या पुढे गेल्यास जखमेचा धोका बराच वाढलेला असतो. रक्तपुरवठ्यासाठी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात, ते ०.९ पेक्षा कमी असणे म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची खूण आहे. मात्र मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झाल्यामुळे हे गुणोत्तर कधीकधी फसवे चांगलेही येते, त्यामुळे त्याचा अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.

घरच्या घरी करण्याजोगी एक साधी चाचणीही आहे, तिला इप्सविच स्पर्श चाचणी म्हणतात. रुग्णाने डोळे मिटून पडून राहावे आणि घरातल्या दुसऱ्या माणसाने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना तर्जनीने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये. या सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत तर पायाची संरक्षक जाणीव कमी झाली आहे असे धरून चालावे आणि डॉक्टरांना भेटावे. ही चाचणी तज्ज्ञाच्या तपासणीची जागा घेत नाही, पण ‘मला काही होत नाही’ हा समज तपासून पाहण्यास ती पुरेशी आहे. बधिरपणा आलेल्या बहुसंख्य लोकांना सुरुवातीला काहीच होत नसते, आणि खरी अडचण तीच आहे.

तपासणीत जाणीव शाबूत असल्याचे दिसले तर दुकानातल्या साध्या चांगल्या बुटांमधून निवड करण्यास हरकत नाही. जाणीव कमी झाली असेल, तरी पायाचा आकार बदललेला नसेल, तर पुढील मार्गाने तयार बूट मिळू शकतो. परंतु पायावर सध्या जखम असेल, पूर्वी कधी जखम होऊन गेली असेल, एखादे बोट काढावे लागले असेल किंवा तळव्याची कमान खचलेली असेल, तर दुकानातला कोणताही तयार बूट स्वतःच्या अंदाजाने घेऊ नये. मापाचे पादत्राण आणि इनसोल बनवणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे. पाय अचानक सुजून लाल व गरम झाला असेल आणि दुखत मात्र विशेष नसेल, तर तो शार्को पाय, म्हणजे बधिर पायातली हाडे आणि सांधे ढासळत जाण्याचा विकार, असण्याची शक्यता असते. अशा वेळी बुटांचा आणि डोंगराचा विचार बाजूला ठेवून, त्या पायावर भार न देता, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

लहान दाब, पुन्हा पुन्हा

बधिर पायाला जखम कशी होते हे कळल्याशिवाय बुटात काय पाहायचे ते कळत नाही. या विषयातले मूलभूत काम आपल्याच देशात झाले. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात विसाव्या शतकाच्या मध्याला कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करताना दाखवून दिले की रुग्णांच्या पायांना होणाऱ्या जखमांचे मुख्य कारण वेदना न कळणे हे आहे, आणि त्यातल्या कितीतरी जखमा एकाच जागी हजारो वेळा पडणाऱ्या साध्या दाबाने होतात. निरोगी माणूस टोचू लागले की नकळत पाऊल किंचित वेगळे टाकतो, थांबतो, मोजा सारखा करतो. बधिर पाय यातले काहीही करत नाही. त्या काळातल्या अनुभवातून पुढे आलेल्या मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ चपला आज औषधांच्या दुकानांत ‘एमसीआर चप्पल’ या नावाने मधुमेहींसाठी विकल्या जातात.

याचा बुटाच्या निवडीशी थेट संबंध आहे. बुटातली जाड शिवण, इनसोलची दुमडलेली कड किंवा करंगळीला जेमतेम लागणारी बाजू दुकानात क्षुल्लक वाटते. गडावर चढून उतरेपर्यंत तीच जागा पंधरा-वीस हजार वेळा घासली जाते. ‘वापरून सैल होईल’ हे दुकानदाराचे वाक्य म्हणूनच मधुमेहीने कधीही मान्य करू नये. नवा बूट चावतो आणि मग सवय होते हा सर्वसाधारण अनुभव खरा असला, तरी तो चावणे कळणाऱ्यांचा अनुभव आहे.

माप घरीच घ्यावे

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पायांवर थोडी सूज येते आणि चालताना ती वाढते. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या विकारामुळे अथवा काही औषधांमुळे ज्यांचे पाय अधिक सुजतात, त्यांनी तर जास्तीत जास्त सूज असलेल्या वेळेचेच माप धरावे. डोंगरात घालणार असलेले मोजे घालून, जाड कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे आणि दुसऱ्या माणसाला पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढण्यास सांगावे. बसून घेतलेले माप उपयोगाचे नाही. भार पडल्यावर पाऊल लांब आणि रुंद होते. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी आणि चवड्याची सर्वांत जास्त रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवावी. अनेकांचे दोन पाय सारखे नसतात, तेव्हा मोठ्या पायाचे माप धरावे.

मधुमेही पायांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बुटाची आतली लांबी पावलापेक्षा १ ते २ सेंटिमीटर अधिक असावी, आतली रुंदी चवड्याच्या रुंदीइतकी असावी आणि बोटांच्या वर पुरेशी उंची असावी. डोंगरउताराचा विचार करता १ सेंटिमीटरपेक्षा कमी जागा अजिबात चालणार नाही; पण २ सेंटिमीटरपेक्षा अधिक सोडली तर पाऊल आत पुढेमागे सरकून कातडी घासली जाते, आणि मग मोठा बूटही लहान बुटाइतकाच घातक ठरतो.

मापाच्या आकड्यांवर फार विश्वास ठेवू नये. ब्रिटिश पद्धतीत एका मापाचा फरक सुमारे ८.५ मिलिमीटर असतो, तर युरोपीय पद्धतीत सुमारे ६.७ मिलिमीटर, शिवाय एकाच आकड्याचे दोन कंपन्यांचे बूट सारखे नसतात. आपल्याकडे खरी अडचण रुंदीची आहे. परदेशी साच्यांवर बेतलेले बरेच बूट आपल्या पायांना पुढे अरुंद पडतात आणि मग माणूस रुंदी मिळावी म्हणून एक-दोन माप मोठा बूट घेतो, ज्यात टाच सैल राहते. त्याऐवजी रुंद साच्याचा बूट शोधावा. काही कंपन्या रुंदीसाठी ‘२ई’ किंवा ‘४ई’ अशी वेगळी खूण देतात; दुकानात नसल्यास मागवून घेता येतात का ते विचारावे.

दुकानात काय करावे

दुकानात जाताना पावलांच्या आकृत्या कात्रीने कापून सोबत न्याव्यात. त्यांच्याबरोबर आपले मोजे आणि डॉक्टरांनी दिलेले इनसोल असल्यास तेही घ्यावे. बूट पायात घालण्यापूर्वी त्यातला मूळ इनसोल बाहेर काढावा आणि कापलेली आकृती त्यावर ठेवावी. आकृतीची कड इनसोलच्या बाहेर कुठेही जात असेल, विशेषतः करंगळीच्या किंवा अंगठ्याच्या सांध्यापाशी, तर तो बूट बाजूला ठेवावा. पायात कितीही छान वाटला तरी ठेवावा. या एका कसोटीवर निम्म्याहून अधिक बूट बाद होतात आणि त्यामुळे वेळही वाचतो. त्यानंतर बुटात हात घालून आतली प्रत्येक जागा बोटांनी चाचपावी. चवडा जिथे वाकतो तिथली शिवण, जिभेच्या कडा आणि टाचेमागचा कप या जागा नीट पाहाव्यात. हाताच्या बोटांना जे टोचते ते पायाला इजा करणारच, मग पायाला ते कळो वा न कळो.

आता बूट घालावा. नाडी बांधण्यापूर्वी पाऊल पुढे सरकवून बोटे टेकवावीत. टाचेमागे एक बोट सहज गेले पाहिजे. नंतर टाच मागे घट्ट बसवून नाडी बांधावी आणि उभे राहावे. सोबतच्या माणसाने बुटाचा पुढचा भाग दाबून बोटांच्या पुढची आणि वरची जागा पाहावी. मग उतार तपासावा. काही दुकानांत त्यासाठी उतरती फळी असते. नसल्यास जिना उतरून पाहावा. जाणीव शाबूत असलेल्या माणसाला बोटे पुढे आदळलेली कळतात, पण बधिर पायाला कळत नाहीत, म्हणून पातळ पांढऱ्या मोज्याच्या बोटांच्या टोकांवर थोडी रंगीत पावडर किंवा खडू लावून उतरावे आणि बुटाच्या आत पुढे खूण उमटते का ते इनसोल काढून, टॉर्चच्या उजेडात पाहावे. दुकानदार चमत्कारिक नजरेने पाहील, पाहू द्यावे. आत लागलेला रंग आपण स्वच्छ पुसून दिला म्हणजे झाले.

निदान वीस मिनिटे बूट पायात ठेवून मग मोजे काढावेत आणि कातडी पाहावी. कुठे लालसर डाग उमटला असेल तर घड्याळ लावावे. वीस मिनिटांनंतरही तो मावळला नाही तर तिथे दाब पडत आहे आणि तो बूट आपला नव्हे. ऑनलाइन खरेदी करायची असेल तर परत करण्याची सोय आहे ना याची खात्री करून, घरातल्या स्वच्छ फरशीवर, संध्याकाळच्या वेळी हेच सर्व करावे. किंबहुना घाई नसल्यामुळे ही तपासणी घरी अधिक नीट होते.

सह्याद्रीसाठी कोणता बूट

ट्रेकच्या गटात विचारले की बहुतेक जण एखाद्या कंपनीचे नाव घेतात. अ‍ॅक्शन कंपनीचे ट्रेकिंगचे बूट कातळावरच्या पकडीमुळे महाराष्ट्रात वर्षानुवर्षे लोकप्रिय आहेत आणि डेकॅथलॉनचे केचुआही सर्वत्र दिसतात. ही शिफारस मुख्यतः तळाच्या पकडीविषयी असते आणि ती पकड महत्त्वाची आहेच, कारण पावसाळ्यात शेवाळलेला बेसाल्ट आणि उन्हाळ्यात मुरमाड घसारा या दोन्हींवर बधिर पायाला घसरण्याची चाहूल उशिरा लागते. पण ज्याने शिफारस केली त्याचा पाय आणि आपला पाय यांच्या गरजा वेगळ्या आहेत. पकड चांगली आणि चवडा अरुंद असा बूट मिळाला, तर तो सोडून द्यावा.

तळ फार मऊ नसावा. बूट हातात घेऊन वाकवावा. तो चवड्यापाशी वाकावा, मधोमध दुमडू नये. टोकदार दगड आतून जाणवू नये इतका तळ जाड हवा, आणि पुढून किंचित वर वळलेला असेल तर पाऊल सहज गडगडत पुढे जाते व चवड्यावरचा भार कमी होतो. संधिवातामुळे अंगठ्याचा सांधा दुखणाऱ्यांनाही असा तळ सोयीचा पडतो. बोटांपुढे रबराचे मजबूत कवच असावे. ठेच लागलेली न कळणाऱ्या माणसाला ते फार उपयोगी आहे.

घोट्यापर्यंतचा उंच बूट घ्यावा की आखूड, यावर बरीच चर्चा होते. उंच बूट काटे, खडे आणि घोट्याला लागणारे दगड यांपासून वाचवतो, पण त्याची कड घोट्याच्या हाडावर घासत असेल तर तिथेच जखम होते. माझ्या मते मध्यम उंचीचा, कडेला भरपूर मऊ अस्तर असलेला आणि वजनाने हलका बूट बहुतेकांना पुरतो. तोल जाण्याची भीती असेल तर उंच बुटावर भिस्त ठेवण्यापेक्षा दोन काठ्या वापराव्यात. पायाला बांधलेले वजन पाठीवरच्या वजनापेक्षा जास्त दमवते, आणि दमलेला माणूस पाय घासत चालतो.

जलरोधक बुटांचे आकर्षण आपल्याकडे अकारण वाढले आहे. हिमालयातल्या बर्फात त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. पण जुलै महिन्यात ओढा ओलांडताना पाणी वरून आत शिरते आणि बुटाचा जलरोधक थरच ते बाहेर जाऊ देत नाही. मग दिवसभर पाय पाण्यात भिजून कातडी पांढरी, लिबलिबीत होते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि त्या भेगांतून जंतूंना आत जाण्यास वाट मिळते. पावसाळी भटकंतीसाठी जाळीदार, लवकर निथळणारा बूट, दोन-तीन जोड कोरडे मोजे आणि थांब्यावर पाय पुसण्यासाठी पंचा हे अधिक भरवशाचे आहे. ओढा मात्र बूट काढून अनवाणी ओलांडू नये.

मोजे आणि नाडी

मोजे लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे, बोटांवर जाड शिवण नसलेले आणि पोटरीवर इलॅस्टिकचा वळ न उमटवणारे असावेत. सुती मोजा ओला झाला की ओलाच राहतो आणि घासतो. रंग फिकट असावा, म्हणजे रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. डॉक्टरांनी दिलेला जाड इनसोल बुटात बसवायचा असेल तर मूळ इनसोल काढूनच बसवावा आणि त्यानंतर बोटांवरची उंची पुन्हा तपासावी.

चढताना नाडी वरच्या भागात थोडी सैल ठेवावी; उतरण्याआधी मात्र थांबून ती घोट्यापाशी आवळून घ्यावी, जेणेकरून टाच मागे धरली जाईल आणि बोटे पुढे आदळणार नाहीत. त्यासाठी खालच्या भागात नाडी बेताची सैल ठेवून घोट्याच्या वळणाशी दुहेरी पीळ द्यावा, म्हणजे वरचा ताण खाली उतरत नाही. पावलाच्या वरच्या बाजूला हाड उंच असेल तर तेवढ्या जागी नाडी आडवी न ओलांडता सरळ वर न्यावी. मधुमेहात हातांचे सांधे आखडणे हेही अनेकांच्या वाट्याला येते. अशांनी छिद्रांऐवजी हुक असलेला किंवा चकती फिरवून आवळण्याचा बूट पाहावा. चकतीने आवळताना मात्र तो गरजेपेक्षा घट्ट होणे सोपे असते, म्हणून आवळल्यावर जिभेखाली एक बोट घालून पाहावे.

बूट पायाला लावणे आणि गडावरची काळजी

नवा बूट पहिल्यांदा घरात तासभरच घालावा आणि लगेच पाय तपासावेत. डाग नसेल तर वेळ हळूहळू वाढवावी, मग जवळच्या टेकडीवर न्यावा. पुणेकरांना वेताळ टेकडी किंवा पर्वती, मुंबईकरांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची वाट यासाठी सोयीची आहे. काही आठवडे असे काढल्यावरच मोठ्या गडाचा बेत करावा. घाईने नव्या बुटात थेट कळसूबाई गाठणाऱ्याला परतीच्या शिड्यांवर पर्याय उरत नाही.

गडावर निघताना बूट प्रत्येक वेळी उलटा करून झटकावा आणि आत हात फिरवावा; रात्री बाहेर ठेवलेल्या बुटात विंचूही असू शकतो. वाटेत दर दीड-दोन तासांनी बूट-मोजे काढून तळवा, टाच आणि बेचकी पाहावीत. मधुमेहामुळे दृष्टी कमी झाली असेल किंवा वाकणे जमत नसेल तर सोबत्याला पाहायला सांगावे किंवा मोबाइलने फोटो काढावा. यात संकोचण्यासारखे काही नाही. फोड दिसला तर तो फोडू नये, स्वच्छ पट्टी लावावी आणि परतीची जवळची वाट धरावी. परतल्यावरही त्या जागेवर लक्ष ठेवावे, आणि एका पायाची एखादी जागा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षा सलग दोन दिवस स्पष्टपणे गरम लागली तर डॉक्टरांना दाखवावी.

गडावरच्या देवळांचा एक वेगळा मुद्दा आहे. दर्शनासाठी बूट काढणे स्वाभाविक आहे, पण एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या कातळावर बधिर पायाला चटका कळत नाही आणि भाजल्याचे संध्याकाळी लक्षात येते. अशा वेळी जाड तळाचा मोज्यांचा वेगळा स्वच्छ जोड केवळ देवळासाठी जवळ बाळगावा, किंवा दाराबाहेरूनच हात जोडावेत. मुक्कामाच्या जागी अंगठ्याची चप्पल नको. बधिर पायातून ती निसटलेली कळत नाही. मागे पट्टा असलेली, बोटे झाकणारी सँडल बरी.

बूट केव्हा बदलावा हे तळाच्या झिजेवरून ठरवणे पुरेसे नाही. आतला फोमचा थर त्याआधीच दबलेला असतो. सपाट फरशीवर बूट ठेवून मागून पाहिल्यास तो एका बाजूला कललेला दिसतो. पॉलियुरेथेनचा तळ तर न वापरताही दमट हवेत काही वर्षांत आतून कुजतो आणि चांगला दिसणारा बूट वाटेतच तळ सोडतो. कोकणपट्टीत आणि मुंबईत कपाटात पडून राहिलेले बूट म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी बाहेर काढावेत, तळ अंगठ्याने दाबून आणि वाकवून पाहावा, आणि भेग किंवा भुकटी दिसली तर ते दुरुस्तीला न देता बदलावेत. नव्या जोडाच्या वेळी पावलांचे माप पुन्हा घ्यावे, कारण वयाबरोबर आणि आजाराबरोबर पायाचा आकार बदलतो आणि पाच वर्षांपूर्वीची कागदी आकृती आज लागू पडेलच असे नाही.